उपसर्गांची किल्ली : इंग्रजी शब्दशिक्षणाच्या एका पद्धतीचा परामर्श

इंग्रजी शब्द सुटे सुटे पाठ करण्याऐवजी त्यांची फोड करावी, ग्रीक व लॅटिन उपसर्गांची आणि धातूंची एक आटोपशीर यादी आत्मसात करावी, म्हणजे हजारो अपरिचित शब्दांचे अर्थ आपोआप उलगडतील, हे मत आज इतके रूढ झाले आहे की त्याची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. ‘प्री-’ म्हणजे पूर्वी, ‘पोस्ट-’ म्हणजे नंतर, ‘सब्-’ म्हणजे खाली, ‘रि-’ म्हणजे पुन्हा, अशी कोष्टके स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत असतात, तशीच ती पदवीवर्गाच्या टिपणवह्यांतही असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे असे कोष्टक ठेवले जाते तेव्हा त्यात एक आश्वासन गृहीत असते. इंग्रजी घरात ज्याच्या कानावर पडली नाही, त्याची ती उणीव चाळीस-पन्नास ओळींच्या पाठांतराने भरून निघेल, असे ते आश्वासन आहे.

ते कितपत खरे आहे, हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा नाही. डेव्हिड कॉर्सन यांनी ‘द लेक्सिकल बार’ या १९८५ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, इंग्रजीतील ग्रीक-लॅटिन शब्दांचा थर हाच उच्च शिक्षणाच्या वाटेवरील मोठा अडसर होय. ज्या घरांत हे शब्द बोलण्यात येत नाहीत, तेथील मुले या अडसरापाशी अडतात. कॉर्सन यांच्यापुढे मुले होती ती इंग्रजीच मातृभाषा असलेली. ज्यांची ती मातृभाषाही नाही, त्यांच्यापुढे हा अडसर दुहेरी आहे, हे उघड आहे. अशा विद्यार्थ्याच्या हाती दिलेली किल्ली जर सर्व कुलपांना लागत नसेल, तर कोणत्या कुलपांना लागते आणि कोणत्या नाही, हे त्यास आधी सांगणे प्राप्त आहे.

या पद्धतीचे सर्वांत धीट स्वरूप मिनेसोटा विद्यापीठातील जेम्स ब्राउन यांच्या चौदा शब्दांच्या यादीत आढळते. प्रिसेप्ट, डिटेन, इंटरमिटंट, ऑफर, इन्सिस्ट, मोनोग्राफ, एपिलॉग, आस्पेक्ट, अन्‌कॉम्प्लिकेटेड, नॉन्‌एक्स्टेंडेड, रिप्रॉडक्शन, इन्डिस्पोज्ड, ओव्हरसफिशंट आणि मिस्‌ट्रान्स्क्राइब हे ते चौदा शब्द होत. त्यांत वीस उपसर्ग आणि चौदा धातू गोवलेले असून बृहत्कोशातील सुमारे १,००,००० शब्द त्यांच्या आधारे उघडतात, असा या यादीचा लौकिक आहे. संख्या दिपविणारी आहे. पण यादीच नीट न्याहाळली तर तीच आपल्याविरुद्ध साक्ष देऊ लागते. ‘नॉन्‌एक्स्टेंडेड’, ‘ओव्हरसफिशंट’ आणि ‘मिस्‌ट्रान्स्क्राइब’ हे शब्द कोणी सहज लिहीत किंवा बोलत नाही. उपसर्गांची भरती व्हावी म्हणून ते मुद्दाम जुळविलेले आहेत. उलट ‘ऑफर’ हा शब्द नित्याचा. पण ‘ऑब्-’ म्हणजे समोर आणि ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे, असे समजल्याने तो कोणास कळला असेल असे वाटत नाही. ‘ऑफर’ ज्यास अगोदर ठाऊक आहे, त्यालाच ही फोड रंजक वाटते. तिसरी गोष्ट अशी की, ‘अन्-’, ‘ओव्हर-’ आणि ‘मिस्-’ हे तीन उपसर्ग मुळी ग्रीक किंवा लॅटिन नव्हेतच. ते इंग्रजीच्या घरचे, जर्मानिक कुळातील आहेत.

ही तिसरी गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. रसेल स्टॉफर यांनी १९४२ मध्ये थॉर्नडाइक यांच्या २०,००० शब्दांच्या यादीची तपासणी केली, तेव्हा सुमारे २४ टक्के शब्द उपसर्गयुक्त आढळले आणि त्यांपैकी ८२ टक्के शब्द केवळ पंधरा उपसर्गांत सामावले. १९८९ मध्ये व्हाइट, सॉवेल आणि यानागिहारा यांनी अमेरिकी शालेय वाङ्मयातील शब्दांची अशीच गणना केली. तीत ‘अन्-’ या एकट्या उपसर्गाचा वाटा २६ टक्के निघाला. त्याच्या मागोमाग ‘रि-’, निषेधार्थक ‘इन्-’ आणि ‘डिस्-’ आले, आणि या चौघांनी मिळून ५८ टक्के शब्द व्यापले. थोडे उपसर्ग पुष्कळ काम करतात, हे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे येथपर्यंत खरे ठरते. परंतु सर्वाधिक काम करणारा उपसर्ग ना अथेन्सचा, ना रोमचा. तो शिकविण्यास कोष्टक लागत नाही. दहा-वीस वाक्ये वाचली की तो कळतो. कोष्टकांचा भर मात्र ‘कॅटा-’, ‘ऑब्-’, ‘रेट्रो-’ अशा विरळ पाहुण्यांवर असतो, कारण पाहुण्यांचे नाव घेण्यात प्रतिष्ठा वाटते.

नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ चे पुस्तक या पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल. भारतात त्याच्या आवृत्त्या आजही पदपथावरील पुस्तकविक्रेत्याकडे मिळतात. त्याच्या नावावर जी अनुकरणे झाली, त्यांनी त्यातील धातूंची टरफले तेवढी उचलली. गाभा तसाच राहिला. लुइस कोष्टकापासून प्रारंभ करीत नाहीत. माणसांचे स्वभाव, वैद्यांच्या शाखा, बोलण्याच्या तऱ्हा असा एखादा विषय ते घेतात, त्यातील दहा शब्द अर्थासह पुढे ठेवतात, आणि शब्द ओळखीचे झाल्यावरच त्यांची फोड करतात. ‘इन्ट्रोव्हर्ट’, ‘एक्स्ट्रोव्हर्ट’ आणि ‘अ‍ॅम्बिव्हर्ट’ ही तीन माणसे आधी भेटतात, मग ‘व्हर्ट’ म्हणजे वळणे हे कळते, आणि मग ‘अ‍ॅम्बिडेक्स्ट्रस’ या शब्दातील दोन्ही हातांशी ‘अ‍ॅम्बि-’चे नाते जुळते. येथे व्युत्पत्ती स्मरणाची खुंटी म्हणून येते. शब्द आधी येतो व फोड नंतर, हा क्रम लुइस यांच्या यशाचे रहस्य आहे. आणि अनुकरणांनी नेमका तोच उलटा केला.

क्रम उलटा केल्याने बिघडते काय, हे पाहण्यास ध्वनीपासून प्रारंभ करावा. लॅटिन ‘अ‍ॅड्-’ हा उपसर्ग कोष्टकात एका ओळीत असतो. शब्दांत मात्र तो ‘अ‍ॅक्सेप्ट’, ‘अफर्म’, ‘अग्रेशन’, ‘अल्यूड’, ‘अपीअर’, ‘अराइव्ह’, ‘असिस्ट’, ‘अटेंड’ अशा आठ वेषांत भेटतो. अशा शब्दांत ‘अ‍ॅड्-’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलासही हे अवघडच. मात्र संस्कृत व्याकरणाचा थोडाबहुत संस्कार असलेल्या मराठी विद्यार्थ्यास ते अवघड वाटण्याचे कारण नाही. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’, ‘उत्’ आणि ‘चार’ मिळून ‘उच्चार’, ‘उत्’ आणि ‘नती’ मिळून ‘उन्नती’ होते, हे त्याने शाळेत संधिप्रकरणात शिकलेले असते. ‘अ‍ॅड्’चा ‘द्’ पुढील व्यंजनात विलीन होतो तो याच न्यायाने. ‘संपूर्ण’ आणि ‘कम्प्लीट’ ही जोडी तर समोरासमोर मांडण्याजोगी आहे: ‘सम्’ आणि ‘कॉम्’ दोन्ही ओष्ठ्य वर्णापूर्वी मकारान्त राहतात, आणि ‘संताप’ व ‘कन्टेन’ यांत दन्त्य वा दन्तमूलीय वर्णापूर्वी दोन्ही नकारान्त होतात. मराठी लेखनातील एकच अनुस्वार दोन्हीकडील भेद झाकतो, इतकेच.

या संधिज्ञानाचा खरा लाभ अर्थाला नव्हे, लेखनाला होतो. ‘अकॉमोडेट’ या शब्दात ‘सी’ दोनदा आणि ‘एम’ही दोनदा लिहावे लागतात. येथे ‘अ‍ॅड्’ आणि ‘कॉम्’ असे दोन उपसर्ग ‘मोडस’च्या पुढे एकामागून एक उभे आहेत, हे ज्याला समजले तो हा शब्द सहसा चुकत नाही. उच्चारात एकच व्यंजन ऐकू येते. दुसरे केवळ लेखनात, मेलेल्या संधीची खूण म्हणून उरले आहे. वर्णलेखन शिकविणाऱ्या पुस्तकांनी हा मुद्दा सामान्यतः सोडूनच दिला आहे, याचे नवल वाटते.

निषेधार्थक उपसर्गाची कथा याहून बोलकी आहे. संस्कृतात स्वरापूर्वी ‘अन्’ आणि व्यंजनापूर्वी ‘अ’ येतो: अनादर, अनंत, पण अज्ञान, अधर्म. ग्रीकमध्ये हाच नियम अक्षरशः तसाच आहे. ‘अ‍ॅनार्की’मध्ये नकार टिकतो, ‘एथीइस्ट’मध्ये तो नाही. लॅटिन ‘इन्-’ आणि इंग्रजी ‘अन्-’ ही त्याच मुळाची भावंडे. या चारही भाषांतील हा उपसर्ग मुळात एक आहे, हे तौलनिक भाषाशास्त्राचे निर्विवाद अनुमान होय. ‘डिस्पेप्सिया’ या वैद्यकीय शब्दातही ग्रीक ‘दुस्’ म्हणजे संस्कृत ‘दुस्’ आणि ‘पेप्’ म्हणजे ‘पच्’. म्हणजे शब्द बहुतांशी ‘दुष्पच’ या रूपाचा भाऊबंद आहे. अशी उदाहरणे वर्गात सांगितली की विद्यार्थ्याचा इंग्रजीविषयीचा परकेपणा थोडा ओसरतो, आणि तो लाभही लहान नाही.

परंतु सगोत्र शब्द समानार्थी असतीलच असे नाही. वैदिक ‘अन्ति’ म्हणजे जवळ, ग्रीक ‘अन्ती’ म्हणजे विरुद्ध आणि लॅटिन ‘आन्ते’ म्हणजे पूर्वी. समोर असणे या एकाच मूळ कल्पनेतून तिघे तीन दिशांना गेले. ‘उप’ आणि ‘हायपो’ यांचे मूळ एक. तथापि उपनयनात जवळ नेणे आहे, तर ‘हायपोडर्मिक’ सुईत त्वचेखाली जाणे आहे. शिवाय इंग्रजीत ‘अ‍ॅन्टिसिपेट’ या शब्दात दिसणारा ‘अ‍ॅन्टि’ ग्रीक नव्हे, तो रूप पालटलेला लॅटिन ‘आन्ते’ होय. त्याचा विरोधाशी काही संबंध नाही.

फसव्या उपसर्गांची ही जात मोठी आहे. ‘अब्रीव्हिएट’मध्ये ‘अब्-’ दिसतो, पण तो ‘अ‍ॅड्’ आहे. ‘प्रिकेरिअस’मध्ये ‘प्री-’ नाही. तो शब्द याचना या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. ‘पॅराशूट’ आणि ‘पॅरासोल’ यांतील ‘पॅरा’ ग्रीक नसून इटालियन भाषेतून आलेला, निवारण करणारा आहे. सर्वांत मनोहर उदाहरण ‘पॅराडाइझ’चे. त्यातील ‘पॅरा’ ग्रीक उपसर्गासारखा भासतो. प्रत्यक्षात शब्द मूळचा इराणी, अवेस्तातील ‘पैरिदएझ’, म्हणजे सभोवार भिंत असलेले आवार. इराणी राजांच्या उद्यानांसाठी झेनोफनने तो ग्रीकमध्ये वापरला, आणि तेथून तो स्वर्गास पोहोचला. म्हणजे येथील ‘पॅरा’ हा वस्तुतः संस्कृत ‘परि’चा सख्खा भाऊ आहे, फारसी-अरबीतील ‘फिरदौस’ही याच घराण्यातला. कोष्टकाच्या आधारे ही फोड करणारा विद्यार्थी स्वर्गाचा अर्थ ‘बाजूला असलेले’ असा काही तरी लावील.

याहून धोक्याचे स्थान ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दात आहे. लॅटिनमध्ये ‘इन्-’ दोन: एक निषेधाचा, एक ‘आत’ या अर्थाचा. येथे दुसरा आहे, म्हणून शब्दाचा अर्थ सहज पेट घेणारे असा होतो. त्यास निषेध समजणारा वाचक पिंपावरील सूचना नेमकी उलटी वाचतो. अमेरिकेत अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून ‘फ्लेमेबल’ हे रूप पुढे केले, ते याच भीतीने. परभाषा शिकणाऱ्यांच्या अशा चुकांस बाट्या लाउफर यांनी फसवी पारदर्शकता असे नाव दिले आहे. ‘डिस्कोर्स’ म्हणजे दिशाहीन, ‘आउटलाइन’ म्हणजे रांगेबाहेर, असे अर्थ विद्यार्थी लावतात, असे त्यांना आढळले. अशा चुकीचे वैशिष्ट्य असे की, ती करणाऱ्यास आपण चुकलो हे कळत नाही. अनोळखी शब्द अनोळखी वाटला तर माणूस कोश उघडतो. ओळखीचा वाटला तर उघडत नाही.

उपसर्गास स्वतःचा अर्थ असतो काय, हा प्रश्न भारतीय व्याकरणपरंपरेस नवा नाही. यास्काच्या निरुक्तात शाकटायन आणि गार्ग्य यांची मते शेजारी शेजारी नोंदलेली आहेत. शाकटायनाच्या मते सुटे उपसर्ग अर्थ सांगत नाहीत. नाम व आख्यात यांच्या संयोगात जो अर्थ असतो तो ते प्रकट करतात. गार्ग्याच्या मते त्यांना स्वतःचे नाना अर्थ असतात. यास्काने पुढे एकेका उपसर्गास अर्थ लावून दिला आहे. उपसर्गांचे जुन्यातले जुने कोष्टक ते बहुधा हेच असावे. नंतरच्या वैयाकरणांचा कल मात्र मुख्यत्वे द्योतकत्वाकडे राहिला. ‘हृ’ धातूची आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार ही रूपे परंपरेने याच कारणास्तव दाखविली जातात. मराठी बोलणारा माणूस आहार घेताना ‘आ’ आणि ‘हार’ यांची बेरीज करीत नाही.

पाश्चात्त्य भाषाशास्त्रात हाच वाद मार्क अ‍ॅरोनॉफ यांच्या १९७६ च्या ग्रंथात, शाकटायनाची वार्ता नसताना, पुन्हा उभा राहिला. ‘रिसीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘कन्सीव्ह’, ‘पर्सीव्ह’ या शब्दांत ‘सीव्ह’ला कोणता समान अर्थ द्यावा? ‘परमिट’, ‘रिमिट’, ‘कमिट’ यांतील ‘मिट’ला कोणता? इतिहासात तो होता. आजच्या इंग्रजीत तो सापडत नाही. तरीही हे घटक खरे आहेत, कारण त्यांचे रूपान्तर नियमाने होते. प्रत्येक ‘मिट’चे नाम ‘मिशन’मध्येच होते, प्रत्येक ‘सीव्ह’चे ‘सेप्शन’मध्ये. म्हणजे अर्थ गेला, पण वागणूक राहिली. अध्यापकास या निरीक्षणाचा उपयोग मोठा आहे. ‘रि-’ म्हणजे मागे आणि ‘सीव्ह’ म्हणजे घेणे असे सांगण्यात विद्यार्थ्याचे फारसे हित नाही. ‘रिसीव्ह’चे ‘रिसेप्शन’ होते तसेच ‘पर्सीव्ह’चे ‘पर्सेप्शन’ होते, हे सांगण्यात आहे. शब्दकुटुंबे रूपाने ओळखता येतात, आणि मराठी विद्यार्थी वाचताना अडखळतो तो बहुधा याच रूपान्तरांपाशी.

उपसर्ग जिवंत आहे की मृत, हे ओळखण्याची एक सोपी खूण उच्चारात आहे. कोष्टके तिचा उल्लेखही करीत नाहीत. ‘री-कव्हर’ म्हणजे पुन्हा आच्छादणे. येथे ‘री’ दीर्घ आणि स्वतंत्र आघाताचा. ‘रिकव्हर’ म्हणजे बरे होणे. येथे तो ऱ्हस्व आणि निराघात. ‘री-फॉर्म’ आणि ‘रिफॉर्म’ यांतही तोच भेद. उपसर्ग जेथे कानाला वेगळा ऐकू येतो, तेथे त्याचा अर्थही वेगळा काढता येतो; जेथे तो शब्दात मुरला, तेथे फोड करून लाभ नाही. देवनागरीत हा भेद लिहून दाखविता येतो, ही अध्यापकाची सोयच म्हणावयाची.

एका प्रांतात मात्र कोष्टकाचे आश्वासन बहुतांशी पाळले जाते. तो शास्त्रीय परिभाषेचा प्रांत. ‘हायपरग्लायसीमिया’, ‘हायपोग्लायसीमिया’, ‘एन्डोस्कोपी’, ‘टॅकिकार्डिया’, ‘ब्रॅडिकार्डिया’ हे शब्द ग्रीसमध्ये कधी बोलले गेले नाहीत. ते अर्वाचीन विद्वानांनी ग्रीक घटक निवडून, अर्थ ठरवून बनविले. त्यांना झिजण्यास अवधीच मिळालेला नाही. मेट्रिक पद्धतीत तर फ्रेंचांनी १७९५ मध्ये पटींसाठी ग्रीक ‘किलो’, ‘हेक्टो’, ‘डेका’ आणि अंशांसाठी लॅटिन ‘डेसी’, ‘सेंटी’, ‘मिली’ अशी सरळ वाटणीच करून टाकली. वैद्यक, जीवशास्त्र आणि रसायन यांच्या विद्यार्थ्यास उपसर्गांची यादी अवश्य द्यावी. तीही ‘हायपर’ व ‘हायपो’ यांचे उच्चार घाईत एक होतात व रुग्णाच्या बाबतीत तो घोटाळा प्राणाशी येतो, या इशाऱ्यासह. वाङ्मय, इतिहास, विधी यांच्या विद्यार्थ्याची गरज निराळी आहे. दोघांच्या हाती एकच यादी देण्यात येते, हा आजच्या अभ्यासक्रमांतील ढोबळ दोष होय.

मराठीतील घडविलेल्या परिभाषेचा आधार येथे किती घ्यावा? डॉ. रघुवीर यांनी आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने जे पर्याय रूढ केले, त्यांत उपसर्गास उपसर्ग जुळविण्याची दृष्टी वारंवार दिसते. त्याआधीपासून रुळलेले सहकार आणि ‘को-ऑपरेशन’, प्रतिक्रिया आणि ‘रिअ‍ॅक्शन’, पूर्वग्रह आणि ‘प्रेज्युडिस’, विकेंद्रीकरण आणि ‘डीसेंट्रलायझेशन’ हे शब्द विद्यार्थ्याच्या जिभेवर आधीच असतात. त्यांतून इंग्रजी शब्दाकडे जाणे हा कोष्टकापेक्षा अधिक नैसर्गिक मार्ग आहे, यात शंका नाही. पण येथेही समीकरण मांडण्याचा मोह आवरला पाहिजे. एकटा ‘रि-’ पुनर्मुद्रणात ‘पुनर्’, प्रतिक्रियेत ‘प्रति’ आणि परावर्तनात ‘परा’ झाला आहे. उलट एकटा ‘प्रति’ प्रतिजैविकात ‘अ‍ॅन्टि’चे, प्रतिकृतीत नकलेचे आणि प्रतिदिन या शब्दात ‘पर’चे काम करतो. उपसमितीतील ‘उप’ हा ‘सब्’, उपाध्यक्षातील ‘व्हाइस’. शब्दास शब्द जुळतो. उपसर्गास उपसर्ग जुळेलच असे नाही. शाकटायनाचे म्हणणे भाषान्तरातही सुटत नाही.

बाउअर आणि नेशन यांनी १९९३ मध्ये इंग्रजी उपसर्ग-प्रत्ययांच्या सात पायऱ्या लावल्या. वारंवारता, उत्पादकता, रूपाची व अर्थाची नियमितता या कसोट्यांवर त्यांनी ‘अन्-’ व ‘नॉन्-’ यांस प्रारंभीच्या पायऱ्यांवर ठेवले आणि अभिजात धातू-उपसर्गांस सातव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर. मराठी महाविद्यालयांतील कोष्टके विद्यार्थ्यास थेट सातव्या पायरीवर नेऊन उभे करतात. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते, तरी मधल्या पायऱ्या कोणी चढविल्या आहेत असे पदवीवर्गातील उत्तरपत्रिकांवरून दिसत नाही.

दोष प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचतो. ‘सब्-’ उपसर्गाचे पाच शब्द लिहा, असा प्रश्न विचारला जातो. विद्यार्थी ‘सबवे’पासून ‘सब्जेक्ट’पर्यंत पाच शब्द लिहितो व पूर्ण गुण मिळवितो. ‘सब्जेक्ट’मध्ये खाली काय आहे, हे ना त्याने विचारलेले असते, ना परीक्षकाने. त्याऐवजी एखादा उतारा द्यावा; त्यात ‘अन्‌सर्टन’ असावा, तसेच ‘अ‍ॅन्टिसिपेट’, ‘इन्फ्लेमेबल’, ‘री-फॉर्म’ आणि ‘अब्रीव्हिएट’ही असावेत; आणि यांपैकी कोणत्या शब्दाची फोड अर्थापर्यंत नेते व कोणत्याची नाही, हे कोश हाताशी देऊन विचारावे. कोश मात्र व्युत्पत्ती देणारा हवा. विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या खिशातील आवृत्त्यांतून ती ओळच जागा वाचविण्यासाठी बहुधा गाळलेली असते.